तारेविना घर आणि चौथे ऋण

विजेची तार जेथवर आलेली नाही अशा जागी जो मनुष्य स्वखुशीने जाऊन राहतो, स्वतःच्या विहिरीचे पाणी पितो, स्वतःच्या शेतातला भात खातो आणि छपरावर पडलेल्या उन्हावर रात्रीचे दिवे लावतो, त्याला स्वावलंबी म्हणावे काय? मला भेटायला येणारे बहुतेक स्नेही या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरूनच येतात. बेळगावाहून गाडी काढून, जांबोटीच्या वळणांचा रस्ता पार करून ते पोहोचतात आणि चहाचा पहिला घोट घेताघेताच म्हणतात, "तुम्ही सुटलात बुवा!" कशापासून सुटलो, हे मात्र कोणी सांगत नाही. वीजबिलापासून म्हणावे, तर कर्नाटकात २०२३ च्या जुलैपासून गृहज्योती योजनेखाली पात्र घरांना दरमहा दोनशे युनिटांपर्यंतची वीज निःशुल्क मिळते. म्हणजे त्यांचे बिल शून्य रुपयांचे येते, आणि मला मात्र दर चार-पाच वर्षांनी बॅटऱ्यांचा नवा संच रोख पैसे मोजून घ्यावा लागतो. रुपये-आण्यांच्या हिशेबाने पाहिले तर सुटलेले तेच आहेत.

राज्य शासनाच्या सेवेतून मी २०१७ साली निवृत्त झालो आणि त्याच वर्षी पत्नीसह खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला असलेल्या आमच्या वडिलोपार्जित दोन एकर दहा गुंठ्यांत राहायला आलो. तीस गुंठे भातखाचर, वर काजू, घराच्या मागच्या परड्यात चार माड, थोड्या पोफळी, फणस, कोकम, खाली ओढा. विजेचा शेवटचा खांब गावात, म्हणजे घरापासून दीड किलोमीटर अलीकडे. छपरावर एक किलोवॅटचे सौर पट्टे आहेत, ओसरीच्या कोपऱ्यात दीडशे अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या आहेत, गोठ्यात दोन गायी आणि गोठ्यामागे गोबरगॅसची लहान टाकी. एवढ्या सामग्रीवर दोन वृद्ध माणसांचे जीवन चालते. चालते कसे, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ज्या नैतिक प्रश्नाकडे मला जायचे आहे त्याची वाट या तपशिलांतूनच जाते.

चैत्रातल्या निरभ्र दिवशी छप्पर चार-साडेचार युनिटे देते. त्या दिवसांत आम्ही श्रीमंत असतो. पंखा चालतो, विहिरीवरचा पंप चालतो, रात्री उशिरापर्यंत वाचन होते. पण हा सह्याद्रीचा माथा आहे. मृग लागला की आभाळ खाली उतरते, आणि तरण्या-म्हाताऱ्या पावसात तर सलग आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन नसते. त्या काळात दिवसाला अर्धे युनिट पदरी पडले तरी पुष्कळ म्हणायचे. बॅटरीतली निम्म्याहून अधिक वीज काढली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून शिलकीला हात लावायचा तोही जपून. अशा वेळी घरात एक क्रम ठरलेला असतो: आधी स्वयंपाकघरातला दिवा, मग भ्रमणध्वनीचा प्राण, मग रेडिओ, आणि सर्वांत शेवटी माझे वाचन. चटणी वाटायची ती उघडीप मिळेल त्या दुपारी. भिजलेले कपडे आठवडाभर चुलीवरच्या दांडीवर धुराने पिवळे होत वाळतात. गोबरगॅसची गोष्टही अशीच. दोन गायींचे वीस-पंचवीस किलो शेण म्हणजे एका शेगडीला जेमतेम दोन तासांची ज्योत; मार्गशीर्ष-पौषाच्या गारठ्यात टाकीतले जीवाणू मंदावतात आणि तीही घटते. २०१९ च्या वळिवात जवळच वीज पडली आणि इन्व्हर्टर जळाला, तेव्हा नवा येईपर्यंतचे एकोणीस दिवस आम्ही कंदिलावर काढले. शेतात डुक्कर, गवा, वानर आणि साळिंदर हे चार हिस्सेदार आहेत. त्यांचा वाटा ते कोणतीही नोटीस न देता उचलतात.

मग लाभ काय? पहाटेची पाखरे, स्वच्छ हवा आणि चांदणे यांविषयी शहरातून येणारे स्नेही माझ्यापेक्षा अधिक चांगले बोलतात, ते मी त्यांच्यावर सोडतो. मला जो लाभ झाला तो परिमाणाच्या ज्ञानाचा. पस्तीस वर्षे शासकीय सेवेत मी आकड्यांत वावरलो. लक्षांश, टक्केवारी, प्रगतिपत्रके यांच्या रकान्यांत माझे आयुष्य गेले. पण एक युनिट वीज म्हणजे काय, हे मला इथे आल्यावर कळले. विहिरीपासून टाकीपर्यंत पंधरा मीटर उंची आहे. हजार लिटर पाणी तेवढे वर चढवायला आमचा लहानसा पंप पाव युनिटाहूनही कमी वीज घेतो. इन्व्हर्टर जळालेल्या त्या एकोणीस दिवसांत तेच पाणी घागरीने वर आणावे लागले. हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरांच्या सदुसष्ट घागरी. धडधाकट मजूर आठ तास सतत राबला तर त्याच्या स्नायूंतून निघणारे काम भौतिकशास्त्राच्या हिशेबाने अर्ध्या युनिटापेक्षा थोडेसेच अधिक भरते. म्हणजे एक युनिट हे एका माणसाचे दीड-पावणेदोन दिवसांचे अंगकष्ट. ज्या घरात महिन्याला दोनशे युनिटे जळतात, त्या घरात दहा-अकरा अदृश्य गडी तीसही दिवस, सुटी न घेता राबत असतात. ते जेवायला मागत नाहीत, आजारी पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे समोर दिसत नाहीत.

या हिशेबाने मी काही काळ अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता विजेच्या बाजूने होती, हे सांगितले पाहिजे. जुन्या वाड्यांचे वैभव आपण कौतुकाने वर्णितो. पण त्या वाड्यांत पाणी कोण भरत होते, दळण कोण दळत होते, धुणे कोणाच्या हातांनी होत होते? जातीने आणि स्त्रीजन्माने नेमून दिलेली माणसे ते करीत होती. तारेतून आलेल्या त्या अदृश्य गड्यांनी कित्येक दृश्य माणसांची पाठ मोकळी केली आहे. तेव्हा तार नाकारणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की बाबा रे, ते काम आता तुझ्या घरात कोण करते?

आमच्या घरी हा प्रश्न सामान हलविण्याच्या आधीच निकालात निघाला होता. पत्नी सदतीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिने स्पष्टच सांगितले, "तुमच्या तत्त्वज्ञानाला माझी हरकत नाही, पण जाते मी ओढणार नाही, आणि ओल्या लाकडांवर फुंकत बसणार नाही." त्यामुळे स्वयंपाकघरात गोबरगॅसच्या शेगडीशेजारी एक गॅस सिलिंडर उभा आहे, आणि दळण गावातल्या चक्कीवर जाते. ती चक्की अर्थातच तारेवर चालते. म्हणजे आमच्या घरात वीज येते ती पिठाच्या रूपाने, डोक्यावरून, पिशवीत. साध्या जीवनाची स्तुती करणारे जे ग्रंथ आजवर मी वाचले, त्यांत पीठ कुठून आले याची नोंद क्वचितच सापडते. लिहिणारे बहुतेक पुरुष होते, हे त्याचे एक कारण असावे.

तथापि त्या थोर मंडळींवर ढोंगाचा आरोप करण्याची जी एक सोपी पद्धत आहे, ती मला मान्य नाही. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षे दोन महिने तिथे राहिला. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती, झाडे तोडायला कुऱ्हाड उसनी आणलेली होती, आणि कॉन्कॉर्ड गाव पायी जाण्याइतके जवळ होते. टीकाकार या गोष्टी अशा काही सुरात सांगतात, की जणू चोर मुद्देमालासह सापडला! पण कुऱ्हाड उसनी आणल्याचे थोरोनेच आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, आणि झोपडीला आलेला अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंटचा खर्चही खिळे, विटा, चुना अशा बाबींसह मांडून ठेवला आहे. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने ते पुस्तक मराठीत आणले. ज्यांना इंग्रजी मूळ जड जाते त्यांनी तो जमाखर्च तिथे अवश्य पाहावा. उसनवारीची नोंद ठेवणारा माणूस आणि 'मी कोणाचे काही घेत नाही' असे म्हणणारा माणूस यांत फार मोठे अंतर आहे.

गांधीजींच्या टॉल्स्टॉय फार्मचे उदाहरण याहून बोलके आहे. १९१० साली जोहान्सबर्गजवळची अकराशे एकर जमीन हर्मन कॅलनबाख या त्यांच्या वास्तुविशारद मित्राने सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी भाडे न घेता दिली. तिथे संत्री, जर्दाळू, आलुबुखाराची झाडे भरपूर होती. नोकर ठेवायचा नाही असा नियम होता. पाणी आणण्यापासून मैला पुरण्यापर्यंत सर्व कामे रहिवाशांनीच करायची. शहरात स्वतःच्या हौसेसाठी जायचे असेल तर एकवीस मैल चालत. नोकरांविना जगण्याचा हा प्रयोग एका धनिक मित्राच्या जमिनीवर उभा होता, आणि गांधीजींनी ते कधी लपविले नाही. मला त्यातून एवढेच दिसते, की जमिनीचा तुकडा नेहमी कोणाकडून तरी आलेला असतो: कोणाला मित्राकडून, कोणाला आजोबांकडून. माझे दोन एकर दहा गुंठे माझ्या आजोबांच्या नावावर कसे झाले, त्यांच्या आधी ती खाचरे कोणी बांधली, हे सात-बाराच्या उताऱ्यावर नाही. उतारा फार मागे जात नाही.

आणि निवृत्तिवेतन? ते महिन्याच्या अखेरीस बँकेत जमा होते. ज्या वर्षी गव्यांनी निम्मे भात तुडविले, त्या वर्षी शेजारच्या शेतकऱ्याने मुलीचे लग्न पुढे ढकलले. मी तांदूळ विकत आणले. आमची दोन्ही खाचरे एकाच बांधाची, पाऊस एकच, गवेही तेच. फरक होता तो कोषागाराचा. शेतीवर जगणे आणि शेतात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी शेतात राहतो. श्री. अ. दाभोलकरांनी दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब सुखाने जगू शकते असे प्रतिपादन केले, 'विपुलाच सृष्टी' लिहिले, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या कित्येक शेतकऱ्यांना सूर्यप्रकाश, पाणी आणि काडीकचरा यांचे गणित शिकविले. पण त्यांनी आपल्या चळवळीला नाव दिले 'प्रयोग परिवार'. गणिताच्या या अध्यापकाला एकट्याचा प्रयोग अभिप्रेत नव्हता. एकाच्या खाचरात जे सिद्ध झाले ते दुसऱ्याला कळविणे हा त्या विद्येचा अर्धा भाग होता. दहा गुंठ्यांची आठवण लोक ठेवतात, परिवाराची ठेवत नाहीत.

शास्त्रकारांनी माणसाच्या डोक्यावर तीन ऋणे सांगितली: देवांचे, ऋषींचे, पितरांचे. तैत्तिरीय संहितेतली ही त्रयी आपल्याला पाठ असते. परंतु शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, मनुष्यांचे; आणि ते फेडायचे कसे, तर माणसांना आश्रय देऊन, अन्न देऊन. या चौथ्या ऋणाचा उच्चार आपल्याकडे कमी होतो. पहिली तीन ऋणे ज्यांची आहेत ते तगादा लावायला दारात येत नाहीत, हे त्याचे कारण असेल काय? चौथ्याचे धनको मात्र समोरच्या वाडीत राहतात.

आमच्या भागात लावणीच्या दिवसांत 'पैरा' चालतो. देशावर ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतात, त्याच जातीची ही रीत. आज पाच घरची माणसे माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. अडुसष्टाव्या वर्षी चिखलात कंबर वाकवून तरवा लावणे मला जमत नाही, आणि वाडीने ते पहिल्याच वर्षी ओळखले. तेव्हापासून माझा पैरा कागदावर फिटतो. इथली सगळी माणसे घरात मराठी बोलतात, कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. आणि खात्याच्या परीक्षेसाठी शिकलेली कन्नड माझ्याजवळ शाबूत आहे. वारसानोंद, विधवावेतन, आधार पत्रातली चुकलेली जन्मतारीख, पीकनुकसानीचा अर्ज अशी कामे संध्याकाळी ओसरीवर येतात. एका लावणीच्या दिवसाला किती अर्ज? याचा दर कधी ठरला नाही. माझ्या बाजूने पाहता, अर्धा तास लिहिले आणि त्याबद्दल एका बाईचा आठ तासांचा चिखल मिळाला. तिच्या बाजूने पाहता, ज्या कागदासाठी तालुक्याच्या तीन खेपा आणि तीन दिवसांची मजुरी गेली असती, तो घरबसल्या झाला. हिशेब दोन्हीकडून फायद्याचा दिसतो, हेच मला खटकते. कारण त्या बाईला माझ्या अर्धा तासाची गरज पडते ती तिची भाषा आणि कचेरीची भाषा वेगळी आहे म्हणून. माझ्या सेवेचे मोल तिच्या अडचणीवर उभे आहे. तिच्या चिखलाचे मोल मात्र कोणाच्या अडचणीवर उभे नाही. भात सर्वांनाच लागते.

आता तारेकडे परत येऊ. स्वखुशीने तार न घेणाऱ्यावर एक आक्षेप असा घेता येतो, की हा वर्गणी न देता महाप्रसादाला बसणारा गृहस्थ आहे. घरात वीज नको. पण पीठ तारेवरच्या चक्कीचे, भ्रमणध्वनीचा मनोरा तारेवरचा, आणि रात्री-अपरात्री प्राणावर बेतले तर धाव बेळगावच्या इस्पितळाकडे, जिथे प्राणवायूपासून रक्तपेढीच्या शीतकपाटापर्यंत सर्व काही अखंड विजेवर. तीन वर्षांपूर्वी वाडीतल्या एका मुलाला मण्यार चावली. माझ्या गाडीतून त्याला नेले. पुढे दोन दिवस त्याचा श्वास यंत्राने चालू ठेवला. माझ्या ओसरीतल्या चार बॅटऱ्यांवर ते यंत्र एक रात्र कसेबसे निघाले असते, दुसरी नाही. या आक्षेपाला मी उत्तर शोधीत बसलो नाही. आक्षेप बरोबर आहे.

पण वर्गणी भरणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्या दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीवर सुपा धरण आहे. त्या पाण्यात सुपा हे तालुक्याचे ठिकाण बुडाले आणि कचेऱ्या जोयड्याला गेल्या. तिथून उठलेल्या पुष्कळशा कुटुंबांना रामनगरात वसविण्यात आले. बेळगावाहून गोव्याला जाताना आपण सर्वच जण ते गाव ओलांडतो, चहालाही थांबतो. शहरातल्या दिव्याखाली बसून लिहिणाऱ्याला बुडालेले सुपे दिसत नाही. तार ही मोठी सभ्य वस्तू आहे. ती उजेड आणते आणि तो उजेड कुठून आला त्याविषयी एक अक्षर बोलत नाही. शून्य रुपयांच्या बिलावर तर आता देणे किती हेही छापलेले नसते.

मग माझे छप्पर निर्दोष आहे काय? सौर पट्ट्यांविषयी मी फार बोलत नाही, पण बॅटरीत शिसे असते. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याला परत कराव्यात असा नियम २००१ पासून आहे, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर अधिक घट्ट बसविली आहे. मी माझ्या जुन्या चारही बॅटऱ्या रीतसर परत दिल्या आणि पावती घेतली. परंतु आपल्या देशात शिसे वितळविण्याचे काम अजूनही पुष्कळ ठिकाणी उघड्या भट्ट्यांवर, हातमोज्यांविना चालते, आणि ते शिसे काम करणाऱ्यांच्या व त्यांच्या मुलाबाळांच्या रक्तात उतरते. माझ्या बॅटऱ्या कुठे वितळल्या, हे त्या पावतीवर नाही. शहरातल्या दिव्याला सुपे दिसत नाही आणि माझ्या दिव्याला ती भट्टी दिसत नाही. शिसे अधिक की सुपे अधिक, असा तराजू धरणे मला अश्लाघ्य वाटते. तो धरण्याचा अधिकार असलाच, तर तो त्या दोन ठिकाणच्या माणसांना आहे.

एक भेद मात्र राहतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. तारेवर जगताना माणसाला 'पुरे' हा शब्द उच्चारण्याची वेळच येत नाही. खटका दाबला की येते, पुन्हा दाबला की पुन्हा येते. इथे आभाळच रोज 'पुरे' म्हणते. अपरिग्रहावर मी तरुणपणी बरेच वाचले. ते व्रत म्हणून वाचले, संकल्पाची बाब म्हणून वाचले. इथे त्यात संकल्पाचा भाग फारच थोडा आहे. बॅटरी उतरली की पुस्तक मिटावे लागते, यात माझे पुण्य कोणते? पण आठ वर्षे रोज पुस्तक मिटल्यानंतर बेळगावात मुलीच्या घरी गेलो असता रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा माझ्याने पाहवत नाही. हात आपोआप खटक्याकडे जातो. सक्तीतून आलेली ही सवय गुण म्हणून धरावी की नाही, यावर मतभेद होईल. ॲरिस्टॉटल बहुधा धरील, कारण त्याच्या मते सद्गुण हा सवयीनेच अंगी बाणतो. कांट धरणार नाही. कर्तव्यबुद्धीने केलेले नाही म्हणून तो त्याला नैतिक मोल देणार नाही. मुलगी मात्र वैतागते.

मात्र या सगळ्या विवेचनाला आमच्या समोरच्या वाडीत काडीचा अर्थ नाही. ओढ्यापलीकडे ती चौदा घरांची वाडी आहे. तिथेही तार नाही. पण त्यांना कोणी विचारलेले नव्हते. २००४ च्या शासकीय व्याख्येप्रमाणे गावातल्या दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत अशा सार्वजनिक ठिकाणी वीज पोहोचली की गाव विद्युतीकृत धरले जाई. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातल्या लायसांग गावाबरोबर देशातले शेवटचे गाव उजळल्याचे जाहीर झाले, तेव्हा ही चौदा घरे त्या विद्युतीकृत गावाचाच भाग होती. रकाना भरलेला होता. आणखी पश्चिमेला, २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांची स्थिती तर याहून बिकट. तिथे रस्ता नाही, आणि पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते.

पहिल्या वर्षी या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, "सायब, तुमास्नी लाइट नको म्हन्त्यात, खरं हाय?" मी हो म्हटले. तो थोडा वेळ विड्याला चुना लावीत बसला. मग म्हणाला, "मग ती आमच्याकडं पाठवून द्या की." त्याच्या स्वरात उपरोध नव्हता. त्याला खरोखरच वाटले, की माझ्या वाट्याची वीज कुठेतरी पडून असणार आणि साहेबाने एक अर्ज केला तर ती वळविता येईल. मी अर्ज केला. एक नव्हे, सहा वर्षांत अकरा. चौदा घरांच्या अंगठ्यांसह आणि सह्यांसह. स्वतः अंधारात राहणे पसंत करणारा माणूस शेजाऱ्यासाठी विजेचे अर्ज लिहितो, यात बेळगावच्या स्नेह्यांना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. उपास आणि उपासमार यांत पोट दोन्हीकडे रिकामेच असते, म्हणून उपास करणाऱ्याने भुकेल्याला संयमाचे महत्त्व सांगायला जाऊ नये. त्याने ताट वाढावे.

गेल्या फाल्गुनात मोजणी झाली. वाडीकडे जाणारे खांब माझ्या काजूच्या कडेने येणार आहेत. दोन खांब माझ्या हद्दीत आणि फणसाच्या दोन फांद्या तोडाव्या लागणार. संमतिपत्रावर सही करायला मला वेळ लागला नाही. खांबांचे काम पावसानंतर सुरू होईल असे सांगतात. म्हणजे माझ्या घरापासून तार वीस हातांवर येणार, आणि 'तार पोहोचत नाही म्हणून नाही' हे जे अर्धे खरे कारण मी आजवर सांगत होतो ते संपणार. जोडणी घ्यायची की नाही, हे आता निव्वळ माझ्या इच्छेवर आले आहे. आणि माझ्या एकट्याच्या नाही. पत्नीला शीतकपाट हवे आहे. तिला मधुमेह आहे; इन्सुलिन सध्या ओल्या मडक्यात ठेवतो, ते ठीक राहते, पण वैशाखात तिच्या जिवाला घोर असतो. तिची गरज माझ्या प्रयोगाहून वडील आहे, याविषयी आमच्यात वाद नाही. वाद आहे तो छपरावरचे पट्टे ठेवायचे की उतरवायचे, यावर. ती म्हणते, ठेवा, आणि दिवे त्यावरच चालू द्या.

मोजणीला आलेल्या वायरमनने जाता जाता घराकडे पाहून विचारले होते, "साहेब, तुमचं मीटर कुठल्या भिंतीला?" मी म्हटले, पाऊस उघडू दे, मग सांगतो. त्याला चहा देऊन पत्नी ओसरीवर घेऊन गेली आणि बॅटऱ्यांच्या वरची, ओल न येणारी जागा दाखवून आली.